पताकेपासून भिंतीपर्यंत

बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर उताणं पोहण्याचा प्रकार, आमच्याकडे कुणी मागून घेत नाही, तो वाट्याला येतो. तलावावर नवीन आलेली मुलं आधी फ्रीस्टाइल शिकतात. त्यातली चपळ मुलं फ्रीस्टाइललाच राहतात, खांद्यात जोर असलेली बटरफ्लायला जातात, पावलं सहज बाहेर वळणारी ब्रेस्टस्ट्रोकला. उरलेल्यांपैकी ज्यांना पाण्यावर उताणं पडायची भीती वाटत नाही, त्यांच्या नावापुढे सर वहीत ‘बॅक’ लिहितात. माझ्या नावापुढे लिहिलं तेव्हा मी चौथीत होते. सरांनी आईला सरळ सांगितलं, “ताई, हिची फ्री साधारण आहे. बॅकला एन्ट्र्या कमी असतात, जिल्ह्यात मेडल निघेल.” आईला त्यातलं ‘मेडल’ ऐकू आलं, ‘साधारण’ ऐकू आलं नाही.

सरांचा हिशेब बरोबर निघाला. जिल्ह्याचं मेडल निघालं, पुढे राज्याचं सुवर्णही निघालं आणि ज्युनिअर नॅशनलच्या फायनलपर्यंत मजल गेली. आता ठाण्यातले बरेच पालक मला विचारतात की हे नेमकं कसं होतं. म्हणून लिहिते आहे. पोहण्याच्या वेगाबद्दल यात फार काही नाही. माझी बहुतेक वर्षं भिंत न बघता भिंत ओळखण्यात गेली.

सुरुवातीला पोहणं कमी आणि पडून राहणं जास्त होतं. कान पाण्याखाली, नजर सरळ आभाळात, पोट पाण्याच्या पातळीशी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक नवं मूल स्वतःच्या पायांकडे बघायला मान उचलतं, आणि मान वर आली की कंबर खाली जाते. सर टपरीवरून चहाचे छोटे प्लास्टिकचे कप आणायचे, अर्धे पाण्यानं भरायचे आणि आमच्या कपाळावर ठेवायचे. कप न सांडता पलीकडच्या टोकाला पोहोचायचं. डोकं जागचं हलायचं नाही, पण खांदे मात्र प्रत्येक हाताला पूर्ण वळले पाहिजेत. बॅकस्ट्रोकचं सगळं इंजिन या वळण्यात आहे. सपाट पडून नुसते हात फिरवले तर पाणी ढवळलं जातं, माणूस पुढे सरकत नाही. हात बाहेर पडताना अंगठा आधी, आत शिरताना करंगळी आधी. पाय अखंड चालू, दोन हातांच्या एका फेरीत सहा किक. गुडघा पाण्याबाहेर दिसला की काठावरून आरोळी यायची, “गुडघा! सायकल चालवतेयस काय?”

हे सगळं वर्षभरात येतं. भिंत मात्र येत नाही.

पोहणाऱ्याला पुढचं दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकांपासून पाच मीटरवर, पाण्याच्या वर, आडवी पताकांची दोरी बांधलेली असते. डोळ्यांवरून पताका सरकल्या की हात मोजायचे. वळणाच्या वेळी शेवटच्या हाताला पालथं व्हायचं, एक ओढ घ्यायची, कोलांटी मारायची, पाय भिंतीला लावायचे आणि पुन्हा उताणं होऊन सुटायचं. सुटताना उताणंच असलं पाहिजे. पालथं झाल्यावर ओढ संपली आणि तुम्ही नुसतेच तरंगत राहिलात किंवा किक मारत भिंत गाठलीत, तर डिस्क्वालिफाय. शेवटच्या स्पर्शाला तर पालथं व्हायची मुभाच नाही, उताण्यानंच हात मागे फेकायचा, भिंत असेल तिथे असेल. आमच्या सरांची पिढी वेगळं वळण शिकली होती. १९९१ पर्यंत वळण्याआधी उताण्या अवस्थेतच हातानं भिंतीला स्पर्श करावा लागे. तो नियम गेला तसं नवं वळण त्यांनी आधी स्वतः शिकून घेतलं आणि मग आम्हाला शिकवलं. याबद्दल मला त्यांचं अजूनही कौतुक आहे, कारण स्वतः ज्या पद्धतीनं जिंकलो ती सोडून देणं प्रशिक्षकाला सर्वांत अवघड जातं.

आता आमच्या तलावाची गोष्ट. नाव घेत नाही, कारण बाकी बाबतीत त्या तलावाचं माझ्यावर ऋण आहे. पंचवीस मीटर, उघडा, सकाळ-संध्याकाळ सर्वसामान्यांच्या बॅचेस, पहाटेचा तास आमचा. तिथे पताका नव्हत्या. मागितल्या की उत्तर मिळायचं, “पुढच्या टेंडरमध्ये बघू.” मग सरांनी गणेशोत्सवाच्या मांडवावर लावतात त्या प्लास्टिकच्या पताकांची माळ आणली, नायलॉनच्या दोरीत ओवली आणि एका बाजूला खिडकीच्या गजाला, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पाइपाला बांधायला सुरुवात केली. बांधायची पहाटे, सोडायची पुढची बॅच यायच्या आत. कारण उडी मारणाऱ्यांच्या गळ्यात ती अडकेल अशी कुणीतरी तक्रार केली होती. खरं तर तिथे उडी मारायला मनाई होती, पण तक्रार दाखल झाली ती झालीच.

सर आले नाहीत की माळ नाही. अशा दिवशी मी खुणा शोधायचे. एका टोकाला शेजारच्या आवारातल्या नारळाच्या झावळ्या डोक्यावर यायच्या, दुसऱ्या टोकाला दिव्याचा खांब. वीज गेल्यावर आपण स्वतःच्या घरात न चाचपडता देवघरातल्या काडेपेटीपर्यंत जातो, तसं ते झालं होतं. पण ते स्वतःच्या घरातच चालतं. दुसऱ्या तलावावर नारळ नसतो. पहिल्यांदा बाहेर पोहायला गेले तेव्हा टाळूवर टेंगूळ घेऊन आले. बॅकस्ट्रोकवाल्या प्रत्येकाच्या डोक्यावर असं एखादं जुनं टेंगूळ असतंच, हात फिरवून बघा.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. जून ते सप्टेंबर ठाण्यात उघड्या तलावावर बॅकस्ट्रोक करणं म्हणजे काय, हे फ्रीस्टाइलवाल्यांना कळत नाही, कारण त्यांच्या फक्त पाठीवर पाऊस पडतो. आमच्या तो उघड्या तोंडात पडतो. श्वास घेण्यासाठी तोंड उघडं ठेवावंच लागतं. गॉगलवर थेंब आपटत राहतात आणि पहाटेच्या त्या काळ्या उजेडात पताका दिसेनाशा होतात. मी एक हात वरून जाताना श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याला सोडायचा असा ठेका धरला, तो पावसामुळे धरला आणि पुढे शर्यतीत कामी आला. आभाळ सगळीकडे एकसारखं राखाडी असलं की सरळ जाणंही कठीण. हात लेन रोपवर, म्हणजे दोन लेनमधल्या मण्यांच्या दोरीवर, घासायचा, बोटांची पेरं सोलायची. छत असलेल्या तलावात निदान छताची एखादी रेघ धरता येते. दिल्लीच्या तालकटोऱ्याच्या तलावात पहिल्यांदा उतरले तेव्हा डोक्यावर छत बघून मला केवढं हायसं वाटलं होतं.

उन्हाळ्यात उलटं. मे महिन्यात सूर्य थेट डोळ्यांत, आरशासारखी काच असलेले गॉगल लागतात. बाकीच्यांची पाठ रापते, आमचं तोंड रापतं. प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी मावशी हनुवटी धरून म्हणायचीच, “अगं, किती काळवंडलीस! बास कर आता ते पोहणं.” आई हसून दुसरा विषय काढायची. घरी आल्यावर मात्र माझ्या दप्तरात सनस्क्रीनची नवी ट्यूब असायची.

शालेय स्पर्धांची पायरी साधी असते: जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. जिल्ह्यात दोन हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, झाल्या तरी खूप, असा तो काळ होता. सरांचं गणित इथपर्यंत चाललं. राज्य स्पर्धेत मात्र पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूरच्या मुली आल्या आणि समोर पन्नास मीटरचा तलाव आला. पंचवीसच्या तलावात शंभर मीटरला तीन वळणं असतात, पन्नासच्या तलावात एकच. प्रत्येक वळणाला भिंतीचा धक्का मिळतो, पाण्याखाली काही मीटर फुकट सरकता येतं, हातांना क्षणभर विसावा मिळतो. आम्ही पंचवीसवाले तिसाव्या मीटरला भिंत शोधायला लागायचो आणि भिंत यायचीच नाही.

म्हणून शनिवार-रविवार दादर. शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर पन्नास मीटर मिळायचे. ठाण्याहून पहाटेची गाडी, लेडीज डबा, आई खिडकीशी आणि मी अर्धवट झोपेत. परतताना माझे केस ओले, अंगाला क्लोरीनचा वास, मांडीवर पोह्यांचा डबा. समोरच्या भाजीवाल्या बायका बिनदिक्कत विचारायच्या, “एवढ्या पहाटं पोरीला कुठं भिजवून आणलं?” आई सांगायची, “पोहते ती. पाठीवर.” त्यांना ते भारी वाटायचं. पाठीवर पोहून शर्यत जिंकतात ही कल्पनाच त्यांना मजेशीर वाटायची. त्यातली एक पुढे नेहमी भेटायची आणि “आली का पाठीवाली?” म्हणून जागा करून द्यायची.

दादरला खरी मेहनत झाली ती सुटण्यावर आणि पाण्याखालच्या भागावर. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातूनच होते. पंचाच्या पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसरीला ब्लॉकच्या, म्हणजे काठावरच्या सुरुवातीच्या चौथऱ्याच्या, दांड्याला धरून पाय भिंतीवर रोवायचे. गुळगुळीत टाइलवर पाय घसरला तर शर्यत तिथेच संपते. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत पायाखाली एक तिरपी पट्टी सोडतात, तिचा पायांना आधार मिळतो. आमच्याकडे ती फोटोतच बघायला मिळाली. आम्ही टाइल ब्रशनं घासून घ्यायचो.

सुटल्यावर पाण्याखाली उताण्यानं डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून लाटेसारखी मारलेली किक. हा प्रकार कुठून आला ते सर रंगवून सांगायचे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ शंभर मीटरमधली पहिली तीसेक मीटर पाण्याखालूनच जायचा. त्याचा धसका साऱ्यांनी घेतला होता. पण सुवर्ण नेलं जपानच्या दाइची सुझुकीनं. तोही पाण्याखालून बराच लांब गेला आणि ५५.०५ सेकंदांत भिंतीला लागला, बर्कॉफ ५५.१८. त्यानंतर पाण्याखालच्या अंतराला आधी दहा मीटरची आणि मग १९९१ मध्ये पंधरा मीटरची मर्यादा आली. लेन रोपवर पंधरा मीटरला वेगळ्या रंगाचा मणी असतो तो त्याचसाठी. आम्हाला पंधरा कुठले, आठ मीटरलाच नाकातलं पाणी कपाळात चढायचं. उताणं असताना नाकपुड्या वर असतात, त्यामुळे बाहेर सतत हवा सोडत राहावी लागते, नाहीतर पाणी आत येतंच. मी पाण्याखाली एकच सूर धरून गुणगुणायचे. सूर तुटला की समजायचं, हवा संपली, वर या.

आठवी-नववीत उंची वाढली. घरच्यांना आनंद झाला आणि माझं गणित बिघडलं. लहानपणी पताकेपासून भिंतीपर्यंत मला सात हात लागायचे. हात लांब झाले तसे सहा, मग पाच. मधल्या काळात भिंत रोज वेगळ्या जागी असायची. सहा धरून गेलं तर सहाव्याला डोकं आपटायचं, पाच धरून गेलं तर कोलांटीनंतर पाय हवेत. त्यात थकव्याप्रमाणेही आकडा बदलतो, दोनशेच्या शेवटच्या वळणाला ताजेपणीचे पाच हात पुरत नाहीत. शिवाय शरीर बदलत होतं, वजन वाढत होतं, वेळ मात्र तिथेच अडकली होती. मुलींची ही दोन वर्षं कुणी नीट समजावून सांगत नाही. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे सरांना विचारणं शक्य नव्हतं आणि आईला पोहण्यातलं ठाऊक नव्हतं. तलावावरच्या एका सीनिअर ताईनं चेंजिंग रूममध्ये टॅम्पॉन कसा वापरायचा ते सांगितलं, तोवर महिन्यातले काही दिवस माझे बुडतच होते. माझ्या मते आमच्याकडच्या निम्म्या चांगल्या मुली पोहणं सोडतात त्या याच टप्प्यावर, आणि घरी कारण सांगितलं जातं दहावीचं.

त्या दिवसांत सर हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीबद्दल बोलायचे. चौदाव्या वर्षी सोलमध्ये दोनशे बॅकचं सुवर्ण, मग बार्सिलोना, मग अटलांटा, सलग तीन ऑलिंपिक. १९९१ मधला तिचा २:०६.६२ हा विक्रम २००८ पर्यंत कुणाला मोडता आला नव्हता. ती फार दांडगी नव्हती, सडपातळ होती, हे सर मुद्दाम सांगायचे. मला त्यातून स्फूर्ती वगैरे मिळाली असं नाही. पण दोनशे मीटर हा आपला प्रकार आहे हे सरांच्या डोक्यात त्यामुळे पक्कं झालं आणि त्यांनी माझा सगळा सराव तिकडे वळवला. हा निर्णय योग्य होता.

राज्याचं सुवर्ण दोनशेतच आलं. त्या शर्यतीबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काठावरून ती कळत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पुढे कोण आहे ते श्वास घेताना दिसतं. बॅकस्ट्रोकमध्ये उलटं असतं. जी मागे आहे ती तुमच्या पायांच्या बाजूला दिसते. जी पुढे आहे ती दिसतच नाही. पहिल्या शंभरात शेजारच्या लेनमधली पुण्याची मुलगी पुढे होती, म्हणजे माझ्या जगात ती नव्हतीच. नुसतं तिच्या किकचं पाणी लेन रोपवरून इकडे यायचं. किती पुढे आहे, एक हात की एक शरीर, काही कळत नव्हतं. तिसऱ्या पन्नासमध्ये ते पाणी आधी खांद्याशी आलं, मग कमरेशी, आणि अचानक डाव्या कोपऱ्यात तिची टोपी दिसली. टोपी दिसली याचा अर्थ मी पुढे होते. त्यानंतरचं पन्नास मी जन्मात इतकं घाईघाईनं मोजलं नसेल. शेवटच्या पताका गेल्या आणि मी पाचऐवजी सहा हात धरले, कारण खांदे जड झाले होते. सहावा हात भिंतीला लागला. तिनं पाचावरच हात ताणला होता आणि तरंगत भिंतीपर्यंत आली. दोघींमध्ये तेवढंच अंतर पडलं.

नॅशनलला मी फायनलमध्ये पाचवी आले. सकाळी हीट, संध्याकाळी फायनल, मध्ये हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पडून राहायचं. मेडल मिळालं ते मेडले रिलेत, म्हणजे चौघींनी चार वेगळे प्रकार पोहायच्या शर्यतीत, कांस्य. बॅकस्ट्रोकवालीचा हा एक हक्काचा फायदा आहे. पाण्यातून सुरुवात होत असल्यानं रिलेत बॅकच पहिला असतो, त्यामुळे संघात तुमची जागा लागतेच आणि पहिलीच असल्यानं तुमची वेळ वैयक्तिक वेळ म्हणून धरली जाते. माझी शंभरची सर्वांत चांगली वेळ रिलेतच लागली, एक मिनिट नऊच्या जरा आत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रीगन स्मिथनं केलेला विश्वविक्रम ५७.१३ सेकंदांचा आहे. ती भिंतीला लागते तेव्हा मी अजून सतराएक मीटर लांब असते. हे अंतर मी कधी लपवत नाही, पालकांनाही सांगते. भारताच्या श्रीहरी नटराजनं २०२१ मध्ये रोमला शंभर बॅकला ५३.७७ सेकंद नोंदवले आणि टोकियो ऑलिंपिकचा ५३.८५ चा पात्रता निकष ओलांडला, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते. त्याच टोकियोत माना पटेलही बॅकसाठीच उतरली. एन्ट्र्या कमी म्हणून ज्या प्रकारात आम्हाला ढकललं गेलं, त्याच प्रकारात भारताचे दोघं ऑलिंपिकला होते.

माझं पुढचं थोडक्यात. बारावीत उजवा खांदा दुखायला लागला, हात वर नेताना आत काहीतरी चिमटायचं. फिजिओथेरपिस्टनं रबरी पट्ट्यांचे व्यायाम दिले, ते केले, बरं वाटलं, परत दुखलं. दहावीला सवलतीचे गुण मिळाले होते, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, विद्यापीठाच्या स्पर्धा पोहले आणि थांबले. रडारड झाली नाही. पहाटे उठणं बंद झाल्यावर पहिला महिना फार छान गेला.

नंतर तांत्रिक पंचाची परीक्षा दिली आणि आता जिल्ह्याच्या स्पर्धांत टर्न जज, म्हणजे वळणं तपासणारी पंच, म्हणून भिंतीच्या डोक्यावर उभी असते. आयुष्यभर जी भिंत दिसली नाही ती आता वरून दिसते. नियम बदलत राहतात. २०२३ पासून शर्यतीच्या शेवटच्या पाच मीटरमध्ये डोकं आत गेल्यावर शरीर पूर्ण पाण्याखाली गेलं तरी चालतं, आधी त्यावर हात वर करून चूक दाखवावी लागायची. पण मी हात वर करते तो बहुतेक वेळा वळणावरच. मूल लवकर पालथं होतं, ओढ संपते, भिंत अजून लांब असते, मग ते किक मारत येतं. चिठ्ठीवर लेन नंबर, प्रकार आणि कारण लिहायचं असतं. कारणाच्या रकान्यात मी तेच ते लिहीत असते.

मग स्पर्धा संपल्यावर प्रशिक्षकाला गाठून विचारते, “पताका बांधता का तुमच्याकडे?” उत्तर मला माहीत असतं. चार खांब, दोन दोऱ्या आणि पताका. एका बऱ्या रेसिंग सूटच्या पैशांत एका तलावाचं काम होतं. आमच्या जुन्या तलावासाठी यंदा मीच अर्ज केला, खांबांच्या मापासकट, आकृती काढून. शिपायानं शिक्का मारला, आवक क्रमांक दिला आणि म्हणाला, “मॅडम, पंधरा दिवसांनी फोन करा.” पंधरा दिवस झाले, फोन केला. फाइल पुढच्या टेबलावर गेली आहे.